शेड नंबर चौदा

बोडीच्या पाळीवर, चिंचेच्या बुंध्याशी
मोबाइलला दोन काड्या मिळतात.
रात्रीचे साडेनऊ. उद्या अकराला मुलाखत.
डेटा उरलाय दोनशे एमबी,
म्हणून व्हिडिओ उघडायचा नाही, नुसतं वाचायचं.

कंपनीचं नाव टाकलं : मधुबन राइस अँड फूड्स.
आधी आलं मधुबन लॉन, लग्नासाठी,
मग कुठल्यातरी हायवेवरचा मधुबन ढाबा,
मग ही.
पहिल्याच पानावर पांढऱ्या कोटातली गोरी बाई
काचेच्या नळीकडे बघून हसते आहे.
ही बाई आमच्या भंडाऱ्याची नाही.
नळीत तांदूळही नाही, निळं पाणी आहे.

खाली लिहिलंय : आम्ही एक कुटुंब आहोत.
मी दोनदा वाचलं.
या कुटुंबात पगार कितव्या तारखेला होतो,
दुसऱ्या पाळीच्या मुलींना परतीची गाडी आहे का,
पुढच्या पानावर असेल म्हटलं,
तर पुढचं पान 'लवकरच येत आहे'.

संचालक, श्री. हेमराज पालांदूरकर.
छंद : बॅडमिंटन.
वहीत लिहून घेतलं, बॅडमिंटन.
धृपता आत्या म्हणाली,
"आता काय फूल मारून दाखवशीन का त्याले?"

तारे तीन पूर्णांक चार. देणारे अकरा जण.
"गाडी लावाले जागा हाये." हा ट्रकवाला असावा.
"छान." "छान." "छान." तिघंही एकाच दिवशीचे.
आणि कोणी प्रणाली कोसरकर,
एक तारा देऊन काहीच न बोललेली.
आमची आई रागावली की असंच करते,
भात वाढते, बोलत नाही.

मग नकाशा.
वरून शेडचं निळं छप्पर, मागे कोंड्याचा ढीग, नाला.
लोकांनी टाकलेले फोटो सात.
तिसऱ्यात गेट.
गेटच्या बाहेर, मातीत, बारा-तेरा बाया बसलेल्या.
डोक्यावर अजून कंपनीची जाळीची टोपी,
मांडीवर डबे, झाकण लावलेले.
तारीख सोळा जानेवारी.
परत कंपनीच्या पानावर गेले.
सोळा जानेवारी, तिळगुळाचा कार्यक्रम,
साहेबांच्या हातात वाटी.
बाया तिथेही आहेत. चौघी. चौघींच्या साड्या कोऱ्या.

गेटचा फोटो मोठा करत गेले
तसे चेहरे फुटत गेले,
कणीसारखे, चौकोनी.
एकीच्या हातातली हिरवी पिशवी तेवढी राहिली.
आणि कोपऱ्यातली पाटी :
बोपचे चहा-नाश्ता.

नोकरी नको असं नाही. नोकरी पाहिजे.
धानाचा दाणा दाताखाली मोडला
की ओल मी सांगू शकते, तेरा का साडेतेरा,
मशीन नंतर होकार देतं.
त्याच कामाला बोलावलंय, टेस्टिंगला.
मी आईकडून शिकले हे अर्जात लिहिलं नाही,
त्याला रकाना नव्हता.

शेवटी विचारतात म्हणे, "तुम्हाला काही विचारायचंय?"
आणि आपण म्हणायचं, "नाही सर."
कॉलेजात सरांनी तीनदा म्हणवून घेतलं होतं, हसत म्हणायचं.

पाळीवर उभी राहून म्हणून पाहिलं :
"सर, सोळा जानेवारीला बाया बाहेर काहून बसल्या होत्या?"
'काहून' नको. 'का'.
"सर, बाया बाहेर का बसल्या होत्या?"
खाली पाण्यात जाळं सोडत असलेले फागोजी काका म्हणाले,
"हळू बोल वो माय, मासोळ्या पळतेत."

हळू बोलून पाहिलं.
हळू म्हटलं तर प्रश्न जास्तच वाईट वाटतो.

डेटा संपला. काड्या आहेत, आत काही नाही.
सव्वाआठची गाडी नको, सहाची धरते.
बोपचेकडे बसते आधी.
एका चहात माणूस बोलत नाही,
दोन घेईन.