टाचा

अकरा वर्षं मी भरमाण्णाच्या टाचा बघितल्या.
उजवीला भेग, भेगेत कायम पांढरा स्नोसेम,
डावीवर जुन्या खिळ्याचा वळ.
शहापूर, वडगाव, अनगोळ,
कुठल्या घराला कुठला रंग ते मला विचारू नका.
शिडीचे पाय कुठं टेकले तेवढं सांगतो:
फरशीवर ओलं गोणपाट,
मुरमात फळी,
सारवलेल्या अंगणात दोन्ही, आणि वर मी.

भिंत चार हात चढायची तर शिडीचं बूड एक हात लांब.
हे त्यानं पट्टीनं शिकवलं नाही.
पायाची बोटं शिडीच्या बुडाला लाव, ताठ हो,
हात सरळ पुढं कर.
खांद्याजवळच्या पायरीला तळवे टेकले तर बरोबर.
नाही टेकले तर तो काही बोलायचा नाही,
बाजूला जाऊन नुसता थुंकायचा.

वरच्या तीन पायऱ्या देवाच्या, म्हणायचा,
त्या धरायच्या, त्यांच्यावर उभं राहायचं नाही.
डबा आकड्याला, ब्रश एका हातात,
दुसरा हात शिडीच्या बापाचा.

एकदाच मी सोडलं.
कोरे गल्लीत. चहा आला म्हणून.
कप घेतला, एवढंच.
शिडी वीतभर सरकली,
निळ्याचा एक ओघळ भिंतीवर आडवा गेला,
भरमाण्णा छज्जा धरून लोंबत राहिला
आणि खाली न बघताच म्हणाला,
"साखर किती घातलीय गा?"
तो ओघळ आम्ही तीन हात देऊन झाकला.
उन्हं तिरकी आली की अजून दिसतो.
कामावर मी चहा पीत नाही.

आता गुडघ्यानं त्याला खाली बसवलंय.
बसवव्वा मुरगोडांची पश्चिमेकडची भिंत,
दुमजली, फिक्कट जांभळी, नातीनं निवडलेली.
"तू चढ," म्हणाला,
आणि खालच्या पायरीवर आपला पाय ठेवून उभा राहिला,
दुखरा नव्हे, दुसरा.
तिसऱ्या पायरीच्या वर मी कधी गेलो नव्हतो.

ओसरीवरून बसवव्वा ओरडली, "हुषार, तम्मा!"
तिच्या भाषेत ते सांभाळून.
आमच्यात ती शाबासकी,
आणि मी तर अजून काहीच केलं नव्हतं.
खाली भरमाण्णा हसला.
ते हसू शिडीतून माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं.

नवव्या पायरीवर थांबलो.
कौलं, पाण्याच्या काळ्या टाक्या,
कुणाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या,
लांब येळ्ळूरच्या गडाची रेघ.
खरं मी ते बघत नव्हतो.
माझ्या टाचा कशा आहेत मला ठाऊक नाही.
एका भेगेची आठवण येते, कुठल्या पायाची ते नाही.
कोणीतरी बघतंय, एवढं कळत होतं.

"भिंत ओली कर आधी,"
खालून आवाज आला,
"काय बघूलालास?"