दरजा

हरिपूरच्या आमच्या अंगणात अठ्ठ्याण्णव शहाबादी फरश्या आहेत.
मोजल्या,
कारण टिंबर एरियातल्या दुकानात पोरानं विचारलं,
"मॅडम, सांधे एकूण किती फूट?"
असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता.

त्यानं रंगांचं कार्ड पसरलं.
हस्तिदंती, राखी, चॉकलेटी, वाळवंटी.
आमच्या फटी पिवळ्या आहेत.
चाळीस वर्षं शिजवलेली हळद वाळली त्यांच्यावर.
"यात हळदीच्या जवळचा कोणता?"
त्यानं कार्ड उलटं करून बघितलं,
जणू मागं असेल.

मी इपॉक्सी घेतलं. दोन डबे,
एकातलं दुसऱ्यात मिसळायचं.
वर पंचवीस वर्षांची हमी,
एवढी माझ्या लग्नालासुद्धा नव्हती.

सकाळी दस्तगीर मिस्त्री आले.
सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीत थापी, छिन्नी, केस झडलेला दातांचा ब्रश.
डबा हलवून पाहिला, वास घेतला,
आणि खाली ठेवला
दुसऱ्याचं पोर कडेवरून उतरवावं तसा.
"न्हाणीला झ्याक हाय. अंगणाला नको."
का?
"उन्हात फरशी फुगती. दरजा जरा नमला पायजे.
दरजा फुटला तर मी परत येतो.
फरशी फुटली तर तुम्ही जावा शहाबादला."

मग मला मागच्या भिंतीपाशी नेलं.
सासऱ्यांनी हौसेनं भरून घेतलेले निव्वळ सिमेंटचे दरजे,
दोरीसारखे उभार, वर पांढरा हात.
दोऱ्या जशाच्या तशा आहेत.
विटाच झडून गेल्यात मधून,
बोट घातलं की दुसऱ्या पेरापर्यंत आत जातं.
रिकामं पोळं.
मी रोज तिथं कपडे वाळत घालते
आणि मला वाटायचं, विटा वाईट होत्या.

दोन दिवस नुसतं उकरणं.
फट जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट खोल.
वरचा काळा चिखल, "हा एकोणीस सालचा,"
त्याखाली बारीक, राखेसारखा, "हा पाचचा."
कृष्णा आणि वारणा दोघी येऊन गेल्या होत्या
आणि जाताना पाय झटकून गेल्या नव्हत्या.
एक पेनाचं टोपण निघालं. दोन आकडे केसांचे.
एक हळकुंड, लाकूड झालेलं.
मिस्त्रींनी ते थापीच्या धारेवर तोडलं:
आत रंग तसाच.
"मसाल्यात टाकू?" म्हणाले, हसले,
आणि खिशात ठेवलं.

चुना, विटेची सुरखी, नदीची चाळलेली वाळू,
सिमेंट एवढंसंच, भाजीत मीठ तसं.
मुठीत दाबायचं. लाडू वळला पाहिजे,
तळवा ओला व्हायला नको.
फट आधी पाण्यानं भिजवायची,
"न्हाईतर ती मसाल्याचं पाणी पिती, मसाला उपाशी मरतो."
थोडं थोडं कालवायचं.
पसरायचं नाही, दाबायचं,
आत, अजून आत, हवेला जागा न ठेवता.
सांडलेलं लगेच पुसायचं,
सांध्याच्या रेषेत नाही, आडवं,
नाहीतर भरलेलं परत निघून येतं फडक्याबरोबर.
मी एक ओळ भरली. दुपार गेली.
मिस्त्री वाकून बघत राहिले, काही बोलले नाहीत,
मग त्यातलं अर्धं काढून पुन्हा भरलं.

सात दिवस ओली पोती.
शेजारच्या द्रौपदाकाकू विचारत, "काय निजवलंय गं?"

नळाखालची शेवटची फट त्यांनी मोकळी सोडली.
विसरलात, मी म्हटलं.
"न्हाई. पाणी येतंय ते येतंयच हितं.
त्याला जायाला वाट नको?"
पैसे मोजले, पन्नास परत दिले,
एक पोतं सुरखी कमी लागली म्हणून.

रंग काही जुळला नाही.
फिका आहे, गुलाबीकडं जाणारा.
काकू म्हणतात चांगला दिसतो. मला अजून ठरवता येत नाही.

आणि ते इपॉक्सी?
हट्टानं एका रात्री मीच मिसळून बघितलं.
अर्ध्या तासात डब्यात दगड.
पत्रा कापून काढला,
आता डब्याच्याच आकाराचा तो गोळा
परसदार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावते.
हमीची अजून चोवीस वर्षं बाकी आहेत.