कुर्लीचं बीळ

दर तीन महिन्यांनी बिल्ला जातो, कागद येतो:
नोंदण्याजोगं काही नाही.
एकतीस वर्षं फोंड्याच्या इस्पितळात
तो खिशाला लावून मी उभा, शिशाच्या पडद्यामागे.
श्वास घ्या. धरा. सोडा.
अर्ध्या तालुक्याने माझ्या सांगण्यावरून श्वास धरलाय.

एकदा बिल्ला घरी राहिला, माशेलला,
चिऱ्याच्या कोनाड्यात, उदबत्तीच्या पुड्यापाशी.
त्याच्यावरही थोडं जमलेलं निघालं:
दगडातून, मातीतून, वरून आभाळातून.
हेडक्लार्क शाबलो म्हणाला,
मग पगार भिंतीलाही द्यायला हवा.

यंदा बांबोळीच्या डॉक्टर आल्दिना कुलासोंनी
माझ्या दंडाचं कातडं घेतलं, मसुराएवढं.
त्याचे दोन तुकडे.
एकाला किरणं बऱ्यापैकी, दुसऱ्याला अगदी नावाला.
अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकातून दाखवलं:
पहिल्यात हिरव्या ठिपक्यांची दाटी.
"जिथे तुटलं तिथे सांधणारे जमलेत."
दुसऱ्यात मोजून तीन.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.
पहिल्यात जवळजवळ काळोख. काम आटोपून सगळे घरी.
दुसऱ्यात ते तीन
तसेच.

"का?"
त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
"एवढ्याशासाठी पेशी उठत नसेल.
किंवा पुढे कधी अशी पेशीच गळून जात असेल.
खात्रीने नाही सांगता येत."

मला आमचं खाजन दिसलं.
बांधाला भगदाड पडलं की गाव धावायचा,
बत्त्या, चिखल, पेंढा, शिव्या,
पहाटेपर्यंत बांध उभा.
पण कुर्लीच्या बिळासाठी कोण झोप मोडतो?
भरतीचं पाणी त्यातून बोटभर येतं,
बोटभर जातं,
आणि एखाद्या वर्षी एका कोपऱ्यात भात पिवळं पडतं.
एखाद्या वर्षी नाहीही पडत.

बाबांकडे मानशीची राखण होती.
ते बांधावरून अनवाणी चालायचे.
भगदाड डोळ्यांना कळतं, म्हणायचे,
बीळ तळव्याला.

माझ्याजवळ तळवा नाही, बिल्ला आहे.

काल बांदोड्याची एक पोर आली, हात मोडलेली.
दुखेल का, विचारलं तिने.
नाही, म्हणालो. तेवढं मला ठाऊक आहे.
फोटो पहिल्या खेपेलाच नीट काढला,
दुसरा काढावा लागू नये म्हणून
नेहमीपेक्षा जरा जास्तच जपून.

दंडावरची जखम भरली.
भरतीच्या वेळी तिथे खाज येते, असं मी म्हणतो.
हेमावती म्हणते, ती डासांची वेळ.