मोजणी

परभणीच्या जेलात बायकांची बराक
सतरा जणींची.
आकडा भिंतीवर आहे, चुन्याखालून अजून वाचता येतो.

मी नोकरीला लागले तेव्हा नऊजणी होत्या,
रिकाम्या कोपऱ्यात शिलाई मशीन.
आता मशीन व्हरांड्यात,
एकतीसजणी कुशीवर झोपतात.
शहनाजबीचं लेकरू यात धरलं नाही.

शिक्षा लागलेल्या दोनच.
बाकीच्यांची तारीख.
मानवतच्या द्रुपदाची अकरा वेळा पुढं गेली,
कधी साहेब रजेवर, कधी गाडीत डिझेल नाही.

रविवारी पुरुषांच्या खिडकीला डब्यांची रांग.
बायकांच्या खिडकीत चिमणीनं काड्या आणल्यात.

संध्याकाळी कुलपाआधी लेकरू माझ्यापुढं पळतं,
बोट लावत मोजतं,
एकतीसवर थांबतं.
"आन् तू रं?"
माझ्याकडं बघतं,
जसं मीच चुकले.