चार नंबरची खिडकी

रात्रपाळीत कोणी थांबत नाही आता.
काचेवरचा टॅग वाजतो, दांडा उठतो, ट्रक जातो.
टॅग बिघडला तरच माणूस भेटतो.

परवा एकाचा बिघडला.
नामक्कलचा. आरशाला सुकलेली माळ.
सुटे चाचपत मोडक्या हिंदीत म्हणाला,
अकरा वर्षं नागपूरवरून जातोय,
नागपूर पाहिलं नाही. कसं आहे?

मी त्याच्या पलीकडे बोट केलं.
तिकडं आभाळ जरा पिवळं असतं, तेवढंच.
काय सांगणार?
की देशाचा मध्य म्हणून तिथं एक खांब रोवलाय
अन् आपण दोघं त्याला वळसा घालून बसलोय?
की सकाळी आठला मी त्या पिवळ्यातच परत जाते,
इंदोऱ्याला,
तेव्हा पोरगी शाळेत गेलेली असते,
ओट्यावर तिची अर्धी पोळी?

की ही खिडकी आहे तिथं
मामाची संत्र्याची झाडं होती, एकशे चाळीस.
मोबदल्यात त्यानं जीप घेतली
अन् पहिल्याच दिवशी माझ्याकडूनच पावती फाडून घेतली:
“माह्याच वावरातून चाललो, पोरी,
अन् पैसेही मीच देऊन राहिलो!”
हसत होता. उरलेले सुटे मात्र मोजून घेतले.

मागे हॉर्न सुरू झाले.
मी म्हटलं, मे महिन्यात येऊ नका.
तो खूप हसला. इतकं हसण्यासारखं नव्हतं.
दांडा उठला.

थोडं पुढं जाऊन त्याचे मागचे लाल दिवे लागले.
वाटलं, वळतो की काय.

गतिरोधक होता.
मग भंडाऱ्याच्या रस्त्याला लागला.