हजेरीपट

रविवार, पहाटे पाच. पाण्याच्या टाकीखाली
आम्ही अकरा जण, आणि एक कुत्रं,
जे सभासद नाही पण एकही फेरी चुकवत नाही.
मी सचिव. म्हणजे रजिस्टर माझ्या पिशवीत,
शिवाय आयोडीन, सुतळी, चुन्याची पुडी
आणि हेमलता कापगतेनं बांधून आणलेले
लाखोरीच्या डाळीचे वडे, अजून कोमट.

वर्गणी महिन्याला तीस रुपये.
शकीलभाई टायरवाले पैसे देत नाहीत, ठिगळ देतात.
नागपूरहून कुणीतरी दिलेली नारिंगी कयाक
गावात पपई म्हणून ओळखली जाते.
तिच्या पोटावर त्यांची तीन ठिगळं आहेत.
चौथ्या भोकाबद्दल आम्ही बोलत नाही,
एक जण डबा घेऊन बसतो.

मार्चात तलाव मागे सरकतो
तेव्हा वल्ही ठेवून आम्ही बेशरम उपटतो.
कंबरभर चिखल, तळहातांना फोड,
आणि पुढच्या रविवारी
उपटली त्याच जागी तिची जांभळी फुलं.
तिचं नाव ठेवणारा माणूस
आमच्याच क्लबातला असणार.

टेकडीची वाट चुन्यानं आखली. रानडुकरांनी उकरली.
पुन्हा आखली.
येनाच्या एका झाडाशी भोजराज उईके थांबतो,
लाइनमन माणूस, खांबावर सरसर चढणारा,
इथं चप्पल काढतो, खालच्या दगडाला हात लावतो,
काही सांगत नाही.
आम्हीही थांबतो. कुत्रंसुद्धा.

पुनाजी वलथरे पाळीवर जाळं सोडवत
आम्हाला हसायचा.
"आमी पोटासाठी वल्हवतो गा,
तुमी कायच्यासाठी? अन् वहीत लिहून?"
पण शिकवलं त्यानंच.
"पाण्याले मारू नोको. कणीक लोटतेत, तसं लोट."
मला कणीक मळता येत नव्हती.
घरी जाऊन आधी ती शिकलो.

एका शनिवारी रात्री तो दारात उभा.
"उद्या टेकडीवर नेता का मले?"
अडुसष्ट वर्षांचा. उभा जन्म
दुपार कलली की त्या टेकडीची सावली
त्याच्या डोंग्यात येऊन बसायची,
आणि वर तो कधी गेला नव्हता.
तिथं मासोळी नाही, कायले जाऊ, म्हणायचा.
आता काहून, ते मी विचारलं नाही.
रजिस्टरात कारणाचा रकाना नाही.

चढताना त्याचा गुडघा वाजत होता.
आम्ही सगळेच हळू झालो,
कुणी ठरवलं नाही,
शकीलभाईंना तर बुटाची नाडी
चार वेळा बांधावी लागली.

वर पोचला. कमरेवर हात.
पुष्कळ वेळ खाली पाहिलं त्यानं.
"येवढाच?"
त्याचा तो तलाव, एका टोकाचा माणूस
दुसऱ्या टोकाला हाक मारून ऐकू न येणारा,
धानाच्या बांध्यांमध्ये
सांडलेल्या पाण्यासारखा पडला होता.
कुणाला काय बोलावं सुचेना.
हेमलतानं वडे पुढे केले.

दुसऱ्या वड्यानंतर त्याचं बोट वर आलं.
"ते काळं दिसते ना, तिथं दोन बांबू खोल.
त्याच्या बाजूनं खडक, तिथं मरळ बसते.
तिथं देवधान होतं, आता नाही.
अन् तिथं माह्या बापाचं जाळं अडकलं,
पंचाऐंशी साली. असन अजून."
तो सांगत गेला, आणि त्या चकचकीत पत्र्याला
पायऱ्या फुटल्या, कोनाडे आले, एक अंगण झालं.
वड्यांच्या तेलकट कागदावर
हेमलता ते उतरवून घेत होती.
तेलाच्या डागांवर पेन चालेना,
नेमकी तिथंच खोल पाणी होतं.

खाली आल्यावर म्हणाला,
"आलो का मी वहीत?"
मी दाखवलं. क्रमांक बारा, पुनाजी वलथरे.
त्याला वाचता येत नाही.
नावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत
त्यानं बोट नेलं, सावकाश, तळ चाचपावा तसं.
"येवढाच?" म्हणाला,
आणि हसत हसत डोंग्याकडं गेला.