वापरानुसार फरक पडू शकतो

खोक्यावर सोनेरी अक्षरांत पंचेचाळीस तास.
मी वहीत लिहिलं, एकतीस. घरी, हीटरजवळ.
मग सव्वाबावीस, बसमधून जाता-येता.
मग कोल्ड स्टोअरात, उणे चोवीसला,
साडेसहा.

ग्रिम्सबीत मासे येतात आइसलँडहून, नॉर्वेहून.
आम्ही येतो मिरजेहून, लिथुआनियातून, कुठून कुठून,
आणि रात्रपाळीला सगळे एकाच मापाच्या जाड कोटात.
एका कानात इअरफोन चालतो.
दुसरा फोर्कलिफ्टच्या हॉर्नसाठी मोकळा ठेवायचा, असा नियम आहे.

माझ्या कानात गाणं नसतं, खरं सांगायचं तर.
दस्तगीरचाचा सतारीची जवारी काढतोय, एवढंच.
घोडीवर कानस. खर्र, खर्र. थांबतो. तार छेडतो.
"अंहं."
पुन्हा खर्र.
मध्येच चहाचा पोऱ्या, मध्येच कुणाची तरी मोटारसायकल
सुरूच होत नाही.
अशी तासतासाची बावीस रेकॉर्डिंगं आहेत.
रूटानं एकदा ऐकून विचारलं, सुतार आहे का कुणी?
म्हटलं, जवळजवळ.

पहाटे सव्वातीनला तो बंद पडला, कानस अर्ध्यावर असताना.
रूटा म्हणाली, मेला नाही, गारठलाय. काखेत धर.
ब्रेकभर बसलो तसाच,
चोरलेला पाव लपवावा तसा दंड दाबून,
दुसऱ्या हातानं चहा.
आणि आठ टक्के परत आले!
अकरा मिनिटं.
चाचा त्या "अंहं"च्या पुढे गेला.

रविवारी भिंग घेऊन खोक्याचा तळ वाचला.
तापमान पंचवीस. आवाज मधला. पडदा बंद.
एकच फाइल, थांबवायची नाही, पुढे ढकलायची नाही,
मागे तर नाहीच नाही.
इतक्या शांतपणे ऐकणारा माणूस
मी आयुष्यात एकदाच पाहिलाय,
आणि त्याला चौघांनी उचललं होतं.

कंपनीला पत्र टाकलं, वहीची पानं जोडून.
उत्तर आलं तीन आठवड्यांनी,
मिस फिलिपा ऑल्डरॉइड यांच्या सहीनं.
वापरानुसार फरक पडू शकतो.

चिडलो. भांडी घासताना मोठ्यानं म्हणून पाहिलं.
आणि हात थांबला,
कारण वाक्य ओळखीचं निघालं.

पुण्याहून गिऱ्हाईक यायचं, विचारायचं,
जवारी टिकेल किती?
चाचा कानस खाली ठेवायचा.
"हात दाखवा."
बोटावरचा मिझराबीचा वळ बघायचा, नख बघायचा,
"तुमच्याकडं सहा महिने.
पोरीला दिली तर दोन वर्षं, ती हळू वाजवती.
भिंतीला टांगा, माझ्यामागंपण राहील."
एकजण रागावून शेजारच्या दुकानात गेला.
तिथं त्याला पाच वर्षं सांगितली,
आणि वर सरबत पाजलं.

म्हणजे वाक्य तेच.
चाचा ते पैसे घेण्याआधी बोलायचा, तोंडावर,
यांनी तळाशी ठेवलंय,
मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

मी तरी कुठला मोठा खरा.
अम्मीचा फोन आला की
मीही पंचेचाळीसच सांगतो.

आता प्लेअर आतल्या खिशात असतो, बनियनला लागून.
बुधवारची नोंद.
उणे चोवीस. आवाज पूर्ण.
सात तास दहा मिनिटं.
चाचानं तार छेडली आणि तिथंच बंद पडला.

पुढचं "अंहं" मी म्हटलं.
रूटानं कॉडचं खोकं हातात धरून
वळून पाहिलं.